आशेवर पाद्री तगतात, की कामावर?

जुना_कोरस: एमिल कपॉन हे अमेरिकी कॅथलिक फादर कोरियन युद्धात लष्करी चॅप्लेन, म्हणजे सैनिकांसोबतचे धर्मगुरू, होते. नोव्हेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियातल्या उन्सानला निसटायची संधी सोडून ते जखमींजवळ थांबले आणि चिनी सैन्याच्या हाती सापडले. प्योकटोंगच्या युद्धकैद्यांच्या छावणीत छपराचा पत्रा ठोकून त्यांनी भांडी केली, पाणी उकळलं, आजाऱ्यांच्या उवा काढल्या, कैद्यांसाठी अन्न चोरलं. (फादर आणि चोरी, पण असो.) १९५१ चा ईस्टर पहारेकऱ्यांना न जुमानता केला. हे बळ येशूच्या पुनरुत्थानावरच्या आशेचंच, दुसरं कशाचं?

शंकासुर: आणि दोन महिन्यांत, २३ मे १९५१ ला, त्याच छावणीत गेले. वय ३५. भुकेल्यांच्या पोटात चोरलेलं अन्न गेलं, आशा नाही. शिवाय जे चॅप्लेन खचले, त्यांच्यावर कोण लिहितं? कपॉनना मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक, मिळालं ते २०१३ मध्ये. त्या बाकीच्यांना काय मिळालं?

जुना_कोरस: तग धरणं म्हणजे जिवंत राहणं, असं मी कुठे म्हटलं?

वसईची_लेक: व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून जास्त कैदेत काढलेले अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल सांगत, 'नाताळपर्यंत सुटू' म्हणणारेच आधी कोसळले. शेवटी आपण तरणार, यावर स्टॉकडेलांचाही भरवसा होता. फक्त त्यांनी तारीख लावली नव्हती. आणि कोरसदादा, बायबलातल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा ५ वा अध्याय पुन्हा काढा. पौलाचा क्रम असा आहे: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. तुम्ही शेवटची पायरी पहिली केलीत.

जुना_कोरस: क्रमाचं मान्य. पण अभिमान बाळगायचा तो देवाच्या गौरवाच्या आशेनं, हे त्याच्याच आधीच्या ओळीत आहे, ताई. म्हणजे दोन्ही टोकांना आशाच.

शंकासुर: शास्त्रार्थ चालू द्या. आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा एक पाद्रीबुवा 'सगळं ठीक होईल' म्हणून गेले. ठीक झालं नाही. दुसरे आले ते तासभर नुसते बसले, चहासुद्धा घेतला नाही. त्यांना विचारलं, 'फादर, रोज हे बघून तुमचं कसं निभतं?' म्हणाले, 'रात्री सेमिनरीतल्या, म्हणजे पाद्री होण्याच्या शिक्षणातल्या, मित्राला फोन करतो. आधी देवाशी भांडतो, मग मित्राशी.'

वसईची_लेक: ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याच्याशी कोण भांडतं हो?

शंकासुर: मित्र फोन उचलत होता, म्हणून निभलं. माझं मत तेच.