अटलांटाचे हर्मन रसेल नक्की कोण?

खडीसाखर: मुलाकडे अटलांटाला आलोय. परवा कॅसलबेरी हिल भागात फिरताना एका इमारतीवर रसेल नाव दिसलं, नवीन उद्योजकांसाठी सेंटर आहे म्हणे. मुलगा म्हणतो अर्धं शहर याच्याच कंपनीने बांधलं, पुढचं त्यालाही माहीत नाही. कोणी सांगेल का?

थापी_ओळंबा: अर्धं शहर जरा जास्त झालं 😀 पण माणूस भारीच. जन्म १९३०, समरहिल वस्तीत. वडील गिलाव्याचे मिस्त्री, हा पोरवयापासून त्यांच्या हाताखाली, त्यात बोलताना अडखळायचा. १६व्या वर्षी १२५ डॉलरला छोटा प्लॉट घेतला, मित्रांना धरून त्यावर दोन बिऱ्हाडांचं घर बांधलं आणि त्या भाड्यातून टस्कीगीला कॉलेजची फी भरली!! आमच्या साइटवर पोरं त्या वयात मोबाईल हप्त्यावर घेतात, जाऊदे. १९५२ ला कंपनी. आणि किस्सा म्हणजे साठच्या दशकात तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने मेंबर व्हा म्हणून पत्र पाठवलं, हा काळा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, याने सरळ स्वीकारलं, झाला पहिला काळा मेंबर.

उगाच_शंका: एकट्याच्या कष्टाची गोष्ट करू नका हो, राजकारण पण बघा. १९७३ ला मेनार्ड जॅक्सन निवडून आला, अटलांटाचा पहिला काळा महापौर. एअरपोर्टच्या नव्या टर्मिनलच्या कामात २५ टक्के वाटा अल्पसंख्याक कंपन्यांना द्या म्हणून तो अडूनच बसला, मोठे कॉन्ट्रॅक्टर चिडले पण शेवटी जॉइंट व्हेंचर करावंच लागलं. टर्मिनल १९८० ला सुरू. रसेलसारख्यांना मोठ्या कामांत शिरायला वाट झाली ती अशी. अर्थात दार उघडलं तरी आत जाऊन काम करून दाखवायला तयारीचा माणूस लागतो, तो हा होता.

थापी_ओळंबा: मान्य. जॉर्जिया डोम म्हणजे छत असलेलं मोठं स्टेडियम, आणि वेगळं असं १९९६ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम, दोन्हीत त्याची कंपनी पार्टनर.

निंबोणी: डोमसाठी लाइटनिंग नावाची गरीब काळी वस्ती पाडली ते कोण सांगणार? ऑलिंपिक स्टेडियम तर समरहिलला चिकटूनच, म्हणजे ज्या गल्लीत वाढला तिथेच. आणि तो डोम २०१७ मध्ये सुरुंग लावून पाडला, जेमतेम २५ वर्षं.

थापी_ओळंबा: खरंय ते. पण वस्ती पाडायचं ठरवणारा कॉन्ट्रॅक्टर नसतो ताई. त्याने कमी भाड्याची घरंही भरपूर बांधली, तेही धरा.

खडीसाखर: बापरे, बरंच निघालं. रविवारी समरहिलला चक्कर मारतो, फोटो टाकीन.