किनाऱ्यावरची कासवे मोजायची कोणी?

वाळूकाठ: ‘गावकऱ्यांच्या वहीतील नोंदी म्हणजे विज्ञान नव्हे, कासवांची गणना तज्ज्ञ आणि ड्रोन यांच्याकडेच सोपवावी,’ हे काल या ऑनलाइन धाग्यावर वाचलेले मत मला मुळीच मान्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला २००२ पासून चाललेले ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांचे संवर्धन पहाटे किनारा तुडवणाऱ्या माणसांच्या जिवावर उभे आहे. भरतीने मादीचा वाळूतला माग पुसण्याआधी तो ओळखायचा, दीड फूट वाळू हाताने उकरायची, शंभरेक अंडी न फिरवता उचलून हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, ठेवायची आणि कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी तेथे पोहोचायचे, हे ड्रोन करणार आहे का?

आकडेमोड: कष्टांबद्दल वाद नाही. मात्र एका वर्षी रोज आणि दुसऱ्या वर्षी दिवसाआड फेरी झाली, तर कासवे तेवढीच येऊनही घरटी कमी दिसतील. शिवाय ओडिशात २०२१ साली टॅग (ओळख क्रमांकाची पट्टी) लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, हे कोणत्या वहीवरून कळले असते?

वाळूकाठ: तो टॅग वाचायला किनाऱ्यावर माणूसच हजर असावा लागला.

खाडीपल्याड: तुम्ही किनाऱ्यावरच अडकला आहात. २०१७ पासून एलईडी दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून होणाऱ्या मासेमारीवर बंदी असूनही रात्री समुद्र उजळलेला दिसतो, त्या नौका कोण मोजतो? जाळ्यात अडकलेले संरक्षित प्राणी सोडणाऱ्याला २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली आणली. मी जाळे कापून कासव सोडले, फोटो दिले आणि भरपाईसाठी दोन हंगाम हेलपाटे घातले. पुढच्या वेळी फोटो काढायला माझा हात पुढे होईल का?

आकडेमोड: भरपाईची तक्रार या धाग्यावर कशासाठी?

खाडीपल्याड: कारण तो फोटो हीच खोल पाण्यातली नोंद आहे, साहेब! आमच्याशिवाय तेथे असते कोण? माहिती आमच्याकडून घ्यायची आणि निर्णयाच्या वेळी आम्हाला दाराबाहेर उभे करायचे, हे आता चालणार नाही.

आकडेमोड: आवाज चढवल्याने मुद्दा खरा ठरत नाही, पण खोल पाण्यातल्या नोंदीचा मुद्दा मान्य करावा लागतो. तरीही माझी अट कायम आहे. फेरीची वेळ, चाललेले अंतर आणि काहीच न सापडलेले दिवस यांचीही नोंद हवी, अन्यथा वर्षांची तुलना करता येणार नाही.

वाळूकाठ: आमच्या वहीत ‘आज माग नाही’ एवढेच लिहिलेली पानेच्या पाने आहेत. दरवर्षी आमच्याकडे घरट्यांचा एकूण आकडा मागितला जातो, ती पाने आजवर कोणीही मागितलेली नाहीत.