बॉटनी मेजरला मायनर कोणतं घ्यावं, केमिस्ट्री की स्टॅटिस्टिक्स?

जावळीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी साताऱ्यात शिकते, बीएस्सीचं पहिलं वर्ष आत्ता संपलं. बॉटनी, केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स असे तीन विषय होते. आता त्यातला एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय) ठरवायचा आणि तिसरा सोडायचा. फॉर्म याच आठवड्यात द्यायचाय.

मेजर बॉटनीच, त्यात दुमत नाही. आमचं गाव जावळीत. २०२३ ला कासच्या पठारावर टोपली कारवी फुलली तेव्हा मी अकरावीत होते. सात वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, आधीचा बहर २०१६ चा. सगळी झाडं एकमेकांना सांगितल्यासारखी एकाच वर्षी का फुलतात, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे आणि मला पुढे सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, वनस्पतींवरच काम करायचंय.

अडचण मायनरची. घरी बाबा म्हणतात, केमिस्ट्री घे, शिरवळला किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठेतरी चिकटशील. वर्गातल्या बहुतेक मुली केमिस्ट्रीच घेतायत, नोट्स तयार मिळतात. मला मात्र स्टॅटिस्टिक्स आवडलंय. बारावीला मॅथ्स होतं, मार्क बरे होते. पण ते घेणारे आम्ही जेमतेम चार-पाच जण. बॉटनीवालीला त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि पुढे झेपलं नाही तर मायनर बदलता येतं का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

क्यूसीवाला

ताई, मी जुन्या पॅटर्नचा. तेव्हा मेजर-मायनर नव्हतं, शेवटच्या वर्षाला एकच विषय राहायचा. माझा बॉटनी राहिला. आता औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मुलाखतीत बॉटनीचं एक अक्षर विचारलं नाही. टायट्रेशन, बफर कसा बनवायचा, एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या तंत्रात) मोबाइल फेज म्हणजे काय, एवढंच. दुसऱ्या वर्षापर्यंत केमिस्ट्री केलं होतं म्हणून निभावलं. तुमचे बाबा चुकीचं बोलत नाहीत. पदवीनंतर लगेच पगार सुरू व्हायला हवा असेल तर केमिस्ट्री घ्या आणि प्रॅक्टिकलला स्वतःच्या हाताने ब्युरेट धरा, शेजारच्याचं रीडिंग उतरवून घेऊ नका.

संख्याशास्त्राची शिक्षिका

तू सड्यांवर काम करायचं म्हणतेस, म्हणून तिथलंच उदाहरण देते.

समज, तू सड्यावर एक मीटर बाय एक मीटरचे दहा क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, टाकलेस आणि प्रत्येकात एकाच जातीची झाडं मोजलीस. आकडे आले: ०, ०, १, १४, ०, २, ११, ०, ०, २. बेरीज ३०, सरासरी ३. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘दर चौरस मीटरला सरासरी ३ झाडं’ असं लिहून मुलं मोकळी होतात. पण हे आकडे पुन्हा बघ. तीन झाडं असलेला चौकोन त्यात एकही नाही! पाच चौकोन रिकामे आणि दोन गच्च भरलेले. झाडं सड्यावर कुठेही, योगायोगाने उगवली असती तर त्यांचे आकडे पॉयसन वितरणासारखे पडले असते आणि त्यात सरासरी व व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) सारखेच असतात. इथे व्हेरियन्स येतो जवळपास २६. म्हणजे सरासरीच्या आठपटीहून जास्त. अर्थ असा, की हे झाड पुंजक्यांनी वाढतं. आता खरा प्रश्न तुझ्यातल्या बॉटनीवालीचा: पुंजके का? कातळाच्या खोलगट भागात माती आणि पाणी साठतं म्हणून? की बी आईच्या पायाशीच पडतं म्हणून? स्टॅटिस्टिक्सने उत्तर दिलं नाही, पण कुठे वाकून बघायचं ते दाखवलं.

माझ्याकडे बॉटनीची एमएस्सीची मुलं येतात ती सगळी मोजणी उरकल्यावर, वही घेऊन. ‘मॅडम, आता यावर कुठली टेस्ट लावू?’ तेव्हा फार वाईट वाटतं, कारण क्वाड्रॅट सगळे पायवाटेच्या कडेने टाकलेले असतात आणि उन्हापावसात केलेल्या त्या मेहनतीतून पूर्ण सड्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. सॅम्पलिंग आधी शिकलं पाहिजे. म्हणून तुझ्यासारखीने हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

केमिस्ट्री वाईट नाही. वनस्पतीतली रसायनं वेगळी काढण्यात तुला रस असता तर मीच तिकडे पाठवलं असतं. तुझा प्रश्न मात्र झाडं कुठे, किती आणि कधी, असा आहे.

एमएस्सीचा विचार असेल तर एक लक्षात ठेव. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात प्रवेश परीक्षा देऊन दुसऱ्या विषयात जायची वाट मोकळी ठेवली आहे. तरी प्रत्येक विद्यापीठाच्या विभागाची पात्रता वेगळी असू शकते. जिथे जायचंय तिथलं माहितीपत्रक आत्ताच वाच, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नको.

तिसऱ्या वर्षाची

अगं, मी झूलॉजी मेजर, मायनर जॉग्रफी. निवडायचं कसं ते मॅडमनी सांगितलंच, मी पार कसं पाडायचं ते सांगते.

मायनर म्हणजे तीन वर्षांत मिळून १८ ते २० क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. ऐकायला कमी वाटतं, पण खरी ओढाताण वेळापत्रकाची. मेजरचं प्रॅक्टिकल आणि मायनरचं लेक्चर एकाच वेळी आलं की हजेरी कुठे तरी कमी पडते आणि ७५ टक्क्यांसाठी दोन्ही डिपार्टमेंटच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आमच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज दिला, तेव्हा तास हलवला गेला. नुसतं तोंडी सांगून काही झालं नव्हतं.

तुम्ही चार-पाच जणच आहात ना? मग फॉर्म भरण्याआधी एचओडींना (विभागप्रमुखांना) सरळ विचारा, ही बॅच सहाव्या सेमिस्टरपर्यंत चालणार का, शिकवणार कोण. काही पेपर ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायला सांगतील, त्याला हरकत नाही. फक्त कुठला कोर्स चालेल ते आधी लिहून घ्या. मधेच बदलायचं झालं तर मागचे पेपर भरून काढावे लागतात, म्हणून बदलता येईल या भरवशावर काही घेऊ नकोस. आणि दर निकालानंतर एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात क्रेडिट जमा झाले का ते बघत जा. माझ्या एका मैत्रिणीचे मायनरचे दोन क्रेडिट तिथे दिसतच नव्हते, लगेच लक्षात आलं म्हणून परीक्षा विभागाने दुरुस्त करून दिले.

जावळीची विद्यार्थिनी

सगळ्यांचे खूप आभार. मॅडम, ते दहा आकडे मी वहीत मांडून व्हेरियन्स काढला, २६.२ आला. बाबांनाही दाखवला. ते म्हणाले, भाताच्या खाचरात तण असंच येतं, एका कोपऱ्यात रान माजतं आणि बाकी वावर साफ.

एचओडी सरांना आज भेटले. किमान दहा मुलं असतील तर बॅच सुरू करू म्हणाले. आम्ही आता सहा झालोय. झूलॉजीच्या वर्गात जाऊन बोलायची परवानगी मागितली आहे. एक विचारायचं होतं, प्रॅक्टिकलला एक्सेल पुरतं का, की आर (R, आकडेवारीसाठीची संगणक भाषा) शिकून ठेवू?

संख्याशास्त्राची शिक्षिका

आर शीक. फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पहिल्या सेमिस्टरला मात्र सगळं हाताने कर, कॅल्क्युलेटर घेऊन. आणि झूलॉजीच्या मुलांसमोर बोलताना फॉर्म्युले नको काढूस, हेच दहा आकडे फळ्यावर लिही आणि विचार, सरासरी ३ म्हणजे नक्की काय.