परदेशातून दात बसवायला येणाऱ्यांचे समाधान नेमके कधी मोजायचे?

टिळकवाडीकर :
इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणारी माझी मावसबहीण मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी बेळगावला आली आणि खालच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांटचे (जबड्याच्या हाडात बसणाऱ्या कृत्रिम मुळाचे) स्क्रू व वरच्या तीन दातांना कॅप बसवून परतली. निघायच्या आदल्या दिवशी, अर्धा जबडा बधिर असतानाच, दवाखान्याने तिच्याकडून अभिप्राय लिहून घेतला आणि तिने अर्थातच पाच तारे दिले. बधिरपणा उतरल्यावर एक कॅप चावताना उंच लागते आहे हे तिच्या लक्षात आले. एरवी हे पाच मिनिटांचे काम. निळा कागद दातांत धरून चावायला लावायचे आणि ठिपका उमटेल तेवढेच घासायचे. पण तिकडच्या डॉक्टरने दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नकार दिला. त्यामुळे माझे मत असे की, असले अभिप्राय वर्षभराने घ्यावेत, अन्यथा घेऊच नयेत.

खानापूरकर :
लेस्टर की बेळगाव, ही तुलनाच मला मान्य नाही. ब्रिटनच्या सरकारी सेवेत इम्प्लांट अपवादानेच मिळते आणि खासगीत एका दाताला दोन हजार पौंड सहज लागतात. इथे तेच काम साधारण पंचवीस ते पन्नास हजार रुपयांत होते. म्हणजे तिच्यापुढे लेस्टर की बेळगाव असा प्रश्न नव्हताच, दात की फट एवढाच होता. शिवाय आमच्या जांबोटी गावचा माणूसही दातासाठी दिवसाची मजुरी बुडवून बेळगाव गाठतो, त्याला कोणी पर्यटक म्हणत नाही.

टिळकवाडीकर :
जांबोटीचा माणूस कॅप टोचली तर सोमवारी पुन्हा बस धरून त्याच खुर्चीत येऊन बसतो, फरक तेवढाच आहे आणि तो लहान नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे. पण कोर्टाच्या तारखांसाठी लेस्टरहून बेळगावला कोण येणार?

निपाणीकर :
पैसा आणि कायदा यांच्या वादात हाड राहूनच गेले. स्वीडनमध्ये डॉ. ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, आणि आजही हाडाने तो धातू धरायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, रजा कितीही दिवसांची असो. ‘एका आठवड्यात हसरा चेहरा’ अशी पाटी दिसली की मी तरी चार पावले मागे सरतो. बहिणीकडे इम्प्लांटची कंपनी, व्यास आणि लांबी लिहिलेले कार्ड आहे का? कंपनीगणिक सुटे भाग वेगळे असतात. कार्ड नसेल तर पुढचा डॉक्टर नुसता एक्स-रे पाहून अंदाज बांधत बसेल.

टिळकवाडीकर :
कार्ड मिळालेले नव्हते. आता मागवले आहे. स्क्रूवरचे दात बसवायला ती ऑक्टोबरमध्ये येते आहे.

खानापूरकर :
त्याच दवाखान्यात?

टिळकवाडीकर :
होय, त्याच. डॉक्टरचा हात हलका आहे, असे तिचे अजूनही म्हणणे आहे.