महाविद्यालयीन क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये टिकेल का?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन सामने गाजवणारा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही यशस्वी होईल, असे धरून चालावे का? टिम टीबोला २००७ चा हाइझमन हा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार मिळूनही तो तिथे स्थिरावला नाही, याची मला आजही खंत वाटते.

उत्तर: धरून चालू नये. व्यावसायिक बचावपटू इतके चपळ असतात की, रिसीव्हर (चेंडू झेलणारा सहकारी) मोकळा दिसल्यावर चेंडू फेकायला घेतला तर उशीर झालेला असतो. रिसीव्हर वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटावा लागतो. टीबो फेकण्याआधी चेंडू बराच खाली नेत असे, आणि तेवढ्या अवधीत मोकळी जागा बुजत असे.

दुसरे उत्तर: सहमत आहे, परंतु एनएफएलचे संघ नवे खेळाडू ज्या क्रमाने निवडतात, त्या निवडक्रमावरूनही भविष्य ठरवू नये. २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने सात सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले.