क्वालिटीतून डेटा सायन्समध्ये जायचंय: नोकरी सोडून एम.टेक. करावं का?

बोअरगेज

बी.ई. मेकॅनिकल, वय 30. चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीत सहा वर्षं पूर्ण. हातात महिना 62,000, बेसिक 35,000, नोटीस 90 दिवस. पायथन आणि एसक्यूएल कामापुरतं येतं. गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) देऊन पूर्णवेळ एम.टेक. करावं, नोकरी सांभाळून ऑनलाइन करावं, की डिग्रीचा नाद सोडावा? आईवडील माझ्यावर अवलंबून आहेत. वय आड येईल का?

उत्तरसूची

गेटला वयाची अट नाही, त्यामुळे ते मनातून काढून टाका. खरा प्रश्न पैशाचा आणि वेळेचा आहे, म्हणून आधी हिशोब मांडू.

दोन वर्षांचा बुडणारा पगार 62,000 × 24, म्हणजे 14.88 लाख. गेटवर प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना 12,400 स्टायपेंड मिळतो, त्याचे 24 महिन्यांचे साधारण 2.98 लाख. उरले 11.9 लाख. फी, हॉस्टेल, मेस मिळून दोन लाख धरले तर खड्डा जवळजवळ 14 लाखांचा. आता समजा नव्या नोकरीत आजच्यापेक्षा महिना 25,000 जास्त हातात पडले, तर खड्डा भरायला 56 महिने लागतील, म्हणजे पदवीनंतर साडेचार वर्षांहून जास्त. हुकणारी इन्क्रिमेंट यात धरलेलीच नाहीत. तुमचा आकडा टाकून हे गणित स्वतः करा. फरक 50,000 चा पडणार असेल तर चित्र एकदम बदलतं, आणि तो फरक कॉलेज कोणतं मिळतं यावर ठरतो.

कारण पूर्णवेळ एम.टेक.मधून तुम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट मिळते ती कॅम्पस प्लेसमेंट. मशीन लर्निंगचा अभ्यास घरी बसूनही होतो, कॅम्पस घरी येत नाही. चांगल्या आयआयटीत किंवा आयआयएस्सीत जागा मिळत असेल तर नोकरी सोडण्याला अर्थ आहे. प्लेसमेंट कमजोर असलेल्या खाजगी कॉलेजात लाखो रुपये भरून तीच डिग्री घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. शिवाय कॅम्पसवर बहुतेक ठिकाणी फ्रेशर म्हणूनच धरतात, क्वालिटीतली सहा वर्षं पगारात मोजली जात नाहीत. काही कंपन्या दहावी, बारावी, बी.ई. तिन्हीकडे 60 टक्के मागतात, तेही आजच तपासा.

गेटमध्ये तुमचा पेपर डेटा सायन्स आणि एआयचा, म्हणजे डीए. तो 2024 पासून सुरू झाला. 65 प्रश्न, 100 गुण, तीन तास, त्यातले 15 गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. एकच पर्याय निवडायच्या प्रश्नात चूक झाली तर एका गुणाला 1/3 आणि दोन गुणांना 2/3 कापतात. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात अशा आणि आकडा भरायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, ते कोरे सोडू नका. मेकॅनिकलवाल्यांना लिनिअर अल्जिब्रा आणि कॅल्क्युलस जुनं ओळखीचं असतं. गाडी अडते ती प्रोबॅबिलिटी आणि डेटा स्ट्रक्चर्समध्ये, कारण पांडाज (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) वापरता येणं वेगळं आणि ट्री, ग्राफवरचे प्रश्न कागदावर सोडवणं वेगळं.

स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. म्हणजे परीक्षा नोकरीत राहूनच द्या. बारा आठवडे रोज दीड तास बसा, मग मागच्या वर्षीचा पेपर घड्याळ लावून सोडवा. तेवढंही जमत नसेल तर राजीनाम्याचा विषयच नको.

कागदपत्र

वरचा हिशोब बरोबर आहे. जागा हातची जाते ती बहुधा कागदांपायी, म्हणून थोडं त्याबद्दल.

डीएचा स्कोअर प्रत्येक एम.टेक.ला चालत नाही. काही विभाग फक्त सीएसचाच (कॉम्प्युटर सायन्सचा) पेपर धरतात, काहींना बी.ई.ची शाखाही ठरावीक लागते. फॉर्म भरण्याआधी पाहिजे त्या पाच-सहा विभागांची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचा.

आयआयटीच्या ऑफर सीओएपी या सामायिक पोर्टलवर येतात, एनआयटीच्या प्रवेशासाठी सीसीएमटी हे वेगळं पोर्टल, म्हणजे नागपूरचं व्हीएनआयटी तिकडे. सीओएपीवर ‘रिजेक्ट अँड वेट’ दाबलं की ती ऑफर गेली, पुढच्या फेरीत चांगली येईलच असं नाही. हातची ठेवून थांबायचं तर ‘रिटेन अँड वेट’.

ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रिमी लेयर लागतं. तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातलं आणून लोक अडकतात. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा, राज्याची यादी वेगळी आहे. एसईबीसीचं आरक्षण आयआयटी, एनआयटीत लागू नाही.

स्पिंडल

मी तिसऱ्या वाटेच्या, म्हणजे डिग्रीशिवाय पुढे जाण्याच्या बाजूने बोलतो. क्वालिटीवाल्याकडे जो डेटा असतो तो कोर्सवाल्याकडे नसतो.

उदाहरण घ्या. 25 एच7 बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक 25.000 ते 25.021 मिमी व्यासात बसायला हवं. बोरिंग बारचा इन्सर्ट (भोक कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं पातं) झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे मशीनवर तेवढी दुरुस्ती करतो, इन्सर्ट बदलला की आकडा परत वर उडी मारतो. महिन्याची सरासरी काढली तर हा करवतीच्या दातांसारखा चढउतार दिसतच नाही, सीपीकेचा (माप मर्यादेत किती नीट बसतं त्याचा) आकडा नुसता वाईट येतो. प्रत्येक पीसला ‘इन्सर्ट बदलल्यापासून कितवा’ असा कॉलम जोडा, ऑफसेटच्या नोंदी लावा, आणि पुढच्या 50 पीसमध्ये बोअर 25.003 च्या खाली जाईल का हे ओळखणारं साधं मॉडेल बांधा. सुरुवातीला लिनिअर रिग्रेशन पुरेसं आहे.

इथे एक चूक हमखास होते: मॉडेलला शिकवायचा (ट्रेन) आणि तपासायचा (टेस्ट) डेटा यादृच्छिकपणे वेगळा करणं. मग शेजारचेच पीस दोन्हीकडे येतात, मॉडेल कागदावर उत्तम दिसतं आणि शॉपफ्लोअरवर आपटतं. वाटणी तारखेने करा: पहिले चार महिने शिकायला, पुढचे दोन तपासायला. मुलाखतीत यावर नीट बोलता आलं तर पुढचे प्रश्न सर्टिफिकेटवर न येता कामावर येतात.

परवानगीशिवाय कंपनीचा डेटा घरच्या लॅपटॉपवर नेऊ नका. मॅनेजरला लेखी विचारा, काम कंपनीतच करा.

नोकरी सांभाळून डिग्री हवीच असेल तर बिट्स पिलानीचा वर्किंग प्रोफेशनल्ससाठीचा चार सेमिस्टरचा एम.टेक. आहे. त्यात कॅम्पस प्लेसमेंट नाही, हे धरून चला.

बोअरगेज

आमच्याकडे सीएमएमचा (मापं घेणाऱ्या मशीनचा) दोन वर्षांचा डेटा पडून आहे, पण इन्सर्ट बदलाची नोंद वहीत हाताने लिहिलेली. गेट फेब्रुवारीत दिली आणि ऑफर आली, तर राजीनामा कधी द्यायचा?

कागदपत्र

ऑफर स्वीकारून फी भरल्यावरच. वर्ग साधारण जुलैअखेर सुरू होतात, त्यामुळे 90 दिवसांची नोटीस पूर्ण करायला वेळ उरत नाही. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते नियुक्तीपत्रात बघा. कापणी बेसिकवर आहे की ग्रॉसवर, यावर बराच फरक पडतो. पाच वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी लागू: 35,000 × 15/26 × 6, अंदाजे 1.21 लाख. कंपनीचा मेडिक्लेम सुटण्याच्या दिवशी संपतो, आणि नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही. आईवडिलांची पॉलिसी राजीनाम्याआधी दोन महिने काढा.

स्पिंडल

वही आहे ना, मग झालं. तारीख, शिफ्ट, मशीन आणि पीसचा सिरीयल नंबर एवढे चार रकाने एक्सेलमध्ये चढवा. आधी एकाच मशीनचे तीन महिने घ्या. वहीतली वेळ आणि सीएमएमची वेळ जुळणार नाही, कारण पीस मापायला तास-दोन तास उशिरा जातो. म्हणून जोडणी वेळेवर करू नका, पीसच्या सिरीयल नंबरवर करा.