इंजेक्टर काढण्याआधी रेल प्रेशर बघा
दादा, चढावर डिझेल गाडी मध्येच दम सोडते, दोन-तीन सेकंदांत परत उचलते आणि स्कॅनरवर बिघाडाचा कोड येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर एकाने थेट चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) काढायला सांगितलंय. एवढ्यात ते करू नका, फार महागात पडेल. तुमची गाडी आयडलला शांत आहे, धूर नाही, सकाळी लगेच स्टार्ट होते. खराब इंजेक्टर सहसा इतका गुणी वागत नाही.

आधी डिझेल फिल्टर. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. मग फिल्टर ते पंप या लो प्रेशर पाइपमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन रेझ करा. सलग बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. क्लिपा, ओ-रिंग, प्रायमिंग पंप (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) तपासा. हाय प्रेशर पाइपला मात्र अजिबात हात लावू नका. तिथे हजार बारच्या वर दाब जातो, धार थेट कातडीत घुसते.

तरीही उलगडा झाला नाही तर स्कॅनर लावूनच चढावर न्या, बघायला शेजारी कुणाला तरी बसवा. रेल प्रेशर म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीतला दाब. इंजिनच्या कॉम्प्युटरने मागितलेलं म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर एकत्र रेकॉर्ड करा. झटक्याच्या क्षणी फक्त प्रत्यक्ष दाब पडला तर दोष इंधनाच्या बाजूला. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना अपेक्षित दाबच कोसळला तर पहिला संशय त्या पेडलच्या सेन्सरवर. दोन्ही जुळले तर टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंपाचा) होज आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघा.